मास्तरीण गेली

३ मार्च

प्रिय बेबी,

पाण्याची भांडी घासून झाली होती. मी खुराड्याची कडी काढली, तशा सगळ्या कोंबड्या नेहमीसारख्या एकमेकींना ढकलत बाहेर आल्या आणि सगळ्यांच्या मागून मास्तरीण आली. एरवी ती सगळ्यांच्या पुढे असायची. मी ते पाहिलं, पण त्याचं काही वाटलं नाही. जुन्या उलथन्यानं फळ्या खरवडल्या, ओला भुसा काढून कोरडा पसरला, चार अंडी मिळाली ती वाडग्यात ठेवली, दाणे टाकले. मग कपडे वाळत घालायला गेले. दोन चादरी आणि एक अभ्रा दोरीवर घातला, एवढाच वेळ गेला असेल. वळून बघते तर मास्तरीण कुंपणापाशी आडवी. पाय ताठ, डोळा उघडा. बाकीच्या सहाजणी तिच्या आजूबाजूचे दाणे टिपत होत्या.

रक्त नाही, पीस उपटलेलं नाही, कुत्र्यामांजराची खूण नाही. उचललं तेव्हा अंग गरम होतं.

मागच्या पत्रात तू लिहिलं होतंस, 'वहिनी, तू नुसती हवा कशी आहे ते कळवतेस, काहीतरी घडलेलं लिही.' हे घडलं, म्हणून लिहिते.

मास्तरीण म्हणजे ती तपकिरी, मानेवर पांढरे ठिपके असलेली. नाव तुझ्या दादानं ठेवलं होतं. ती बाकीच्यांना मागे घेऊन अंगणभर फिरायची आणि कुणी रेंगाळलं तर परत जाऊन टोचायची. महिन्याच्या पहिल्या रविवारी हे सगळ्या कोंबड्या दुकानातल्या काट्यावर तोलायचे. जन्मभर वजनकाटे दुरुस्त केलेल्या माणसाला करमणूक म्हणून दुसरं काय सुचणार. बाकीच्या फडफडायच्या, पंख मारायच्या. ही एकटी पारड्यात बसून राहायची, जणू तपासणी तीच करायला आलीय. काटा अजून घरात आहे. पुरण्याआधी मी तिला तोललं. पावणेदोन किलो. का तोललं, ते मलाही सांगता येणार नाही.

जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन विचारून आले. तो म्हणाला, घेऊन या, उघडून बघू, कारण कळेल. मी नको म्हटलं. टाकीमागे खड्डा केला. जमीन कडक होती, बराच वेळ लागला.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. फोनवर तू रडतेस आणि मला रडू येत नाही, मग दोघींनाही अवघडल्यासारखं होतं. हे जाऊन चौदा महिने झाले, अजून येत नाही. पत्रात ते दिसत नाही, हे बरं.

तुझी,
वहिनी


११ मार्च

वहिनी,

कोंबडी मेली त्याचं दोन पानी पत्र, आणि माझा भाऊ गेला तेव्हा चार ओळी. रागानं लिहीत नाही, मोजून लिहितेय. बाइंडिंगच्या कारखान्यात सव्वीस वर्षं झाली, पानं मोजायची सवय हाताला लागलीय.

पण एक विचारते. डॉक्टर उघडून बघतो म्हणाला, तर नको का म्हणालीस? उरलेल्या सहाजणींना तेच झालं तर? आणि आता विषय निघालाच आहे तर तेही लिहिते. दादाच्या वेळीही हॉस्पिटलात तुला विचारलं होतं, कारण शोधायचं का. तेव्हाही तू नकोच म्हणालीस. मी गाडीतून उतरून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. आजही कुणी विचारलं, भाऊ कशानं गेला, की मी 'अचानक' म्हणते. अचानक हा काय आजार झाला? एकदा एका बाईनं मला विचारलंसुद्धा, त्याच्यावर औषध नाही का म्हणून.

असो. तुला टोचायला बसले नव्हते. माझंही थोडं मास्तरणीसारखंच आहे.

इथे शाळेच्या पुस्तकांचा हंगाम सुरू झालाय. गठ्ठे तिसऱ्या मजल्यावर न्यायचे आणि लिफ्ट बंद. फोरमन म्हणतो, बेबीताई, तुमचं आता वय झालं. मी म्हटलं, शिलाई मशिनचं माझ्याहून जास्त झालंय, तिला कुणी बोलत नाही. तुझ्यासाठी बांधणीत चुकलेल्या प्रती बाजूला ठेवल्यात. एका कादंबरीत नवरा आधी मरतो आणि मग लग्न होतं. तुला काय, तू तेही वाचशील. शाळेत मी तुझ्यापेक्षा सहा वर्षं जास्त गेले आणि पुस्तकं नुसती शिवते. तू चौथीपर्यंत जाऊन सगळी वाचतेस. आपल्या घरात सगळं असंच उलटं.

बेबी


१९ मार्च

प्रिय बेबी,

जनावरांचा डॉक्टर परवा स्वतः येऊन सहाहीजणी बघून गेला. डोळे पाहिले, पोट चाचपलं, चोच उघडून आत बघितलं. सगळ्या ठणठणीत आहेत. साथीचं काही दिसत नाही म्हणाला.

मग त्यानं विचारलं, मेलेलीला आधी काही होत होतं का. मी म्हटलं, नाही, अगदी चांगली होती. तो म्हणाला, ती बसायची कुठे? आणि मला एकेक आठवायला लागलं. तीन-चार दिवस ती पालथ्या खोक्यावर एकटी उन्हात बसायची. दाणे टाकले की बाकीच्यांचं झाल्यावर यायची. तुऱ्याचं टोक जांभळं पडलं होतं. हे सगळं मी रोज पाहिलं होतं. वय झालं असेल, ऊन लागत असेल, असं मनातल्या मनात उत्तर देऊन कामाला लागत होते.

तो म्हणाला, "पाखरू दुखणं लपवतं. दिसलं की बाकीच्या टोचतात. तुम्हाला दिसतं तेव्हा ते जुनं झालेलं असतं." त्यात ठपका नव्हता. हात धुऊन तो निघून गेला. नक्की कशानं मेली, ते आता कधीच कळायचं नाही. पुरून झाल्यावर काय.

तू हॉस्पिटलचं विचारलंस. त्या डॉक्टरनं विचारलं तेव्हा मी यांची चप्पल हातात धरून उभी होते. एकच होती. दुसरी घाईत घरी राहिली. तो म्हणाला, कारण शोधायचं का. माझ्या मनात आलं, शोधून सापडलं तर ते घेऊन मी कुठे जाऊ. म्हणून नको म्हटलं. तुझी वाट बघायला हवी होती. तुझा हक्क माझ्याएवढाच होता. यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. त्या सकाळचं विचारू नकोस.

ती कादंबरी जरूर पाठव. माझं सगळं शिक्षण तुझ्या चुकलेल्या प्रतींवर झालं. लग्न होऊन आले तेव्हा मला दुकानांच्या पाट्याही अडखळत वाचता यायच्या. जिथे पानं नसतील तिथे काय झालं असेल, ते मी आपलं मनानं भरून काढते.

तुझी,
वहिनी


२८ मार्च

वहिनी,

चप्पलेचं वाचलं आणि पत्र मिटून डब्यात ठेवलं. दोन दिवसांनी पुन्हा काढलं. मी जे लिहिलं होतं ते चौदा महिने मनात होतं, ते एकदा बाहेर पडायला हवं होतं. पडलं. आता त्यावर बोलायचं नाही.

मी बरी आहे. दाढेनं मात्र पिच्छा पुरवलाय. डाव्या बाजूची, खालची. मंगळवारी उपटूनच घेतली. दातांचा डॉक्टर म्हणाला, थोडी किडलीय, पण एवढं दुखावं अशी काही नाही. मी म्हटलं, दुखतंय मला, तुम्ही काढा. काढली, तर दुखणं आहे तिथेच. गंमत म्हणजे बसून असले की काही होत नाही. गठ्ठा घेऊन दुसरा जिना चढायला लागले की जबडा धरतो. मग पायरीवर बसते. दोन मिनिटांत आपोआप जातं. फोरमन सगळ्यांना सांगत सुटलाय की बेबीताईंची दाढ कामचुकार आहे, तिला जिना दिसला की दुखते. आता शेजारचीही काढून टाकावी म्हणते.

त्या सकाळचं विचारू नको म्हणालीस. बरं, नाही विचारत. पण दादा शेवटचं काय बोलला, एवढं तरी सांगशील? कितीही साधं असलं तरी चालेल. माझ्याकडे त्याचं शेवटचं वाक्य म्हणजे फोनवरचं, 'ठेवतो गं, अंडी उकडतायत.' याच्यावर माणूस किती दिवस काढणार.

बेबी


३ एप्रिल

बेबी,

काल तुझं पत्र आलं आणि मी लगेच तुला कामावर फोन केला. तू हसलीस. दाढेसाठी कुणी हृदयाच्या डॉक्टरकडे जातं का, म्हणालीस. शनिवारी बघू म्हणालीस. तेव्हा मी फोन फोरमनकडे द्यायला सांगितला. त्याला काय बोलले ते मला नीट आठवत नाही, पण तो हसला नाही. आज सकाळी तो तुला हॉस्पिटलात घेऊन गेला आणि त्यांनी तुला ठेवून घेतलं, हे त्यानंच कळवलं. मी उद्याच्या गाडीनं निघते. कोंबड्या शेजारीण बघेल. हे पत्र बरोबर घेऊन येणार आहे. तुझ्यासमोर बसून हे मला तोंडानं सांगता येणार नाही.

फोनवर तू विचारलंस, तुला कसं कळलं? मी म्हटलं, वाचलं. तू म्हणालीस, "म्हणजे मी पाठवलेल्या पुस्तकात. बघ, आलं की नाही कामी." मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

यांनाही दाढ दुखत होती. शेवटचे दोन महिने. बादल्या भरून खुराड्यापर्यंत नेल्या की जबडा धरून पालथ्या बादलीवर बसायचे. थोड्या वेळानं उठायचे. विचारलं की म्हणायचे, गेली दाढ, आता नाही दुखत. तुला सांगू नको म्हणायचे, बेबी उगाच घोर लावून घेईल. मी तू पाठवलेलं घरगुती औषधांचं ते जाड पुस्तक काढलं. त्यात दात आणि जबड्याचं प्रकरण आहे. लवंग, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, गालाला शेक. मी ते सगळं केलं, दोन महिने केलं.

त्या प्रतीत सोळा पानांचा एक फर्मा दोनदा शिवला गेलाय. पान एक्क्याऐंशी ते शहाण्णव, आणि पुन्हा एक्क्याऐंशी ते शहाण्णव. त्याच्यापुढे एकदम एकशे तेरा. मधली सोळा पानं नाहीत. दाताचं प्रकरण त्या दोनदा आलेल्या पानांत आहे. मी ते दोन्ही वेळा वाचलं. पुस्तकात दोनदा दिलंय म्हणजे नीट सांगितलं असेल, असं मला वाटलं होतं. चुकलेली प्रत आहे हे माहीत असून मला असं वाटलं.

त्या सकाळी हे म्हणाले, "आज दाढ जरा जास्तच आहे गं."

मी म्हटलं, "आधी खुराडं उघडा, मग जाऊन या दातवाल्याकडे."

त्यांनी खुराडं उघडलं. तू शेवटचं वाक्य मागितलं होतंस. हे ते वाक्य, आणि त्याला मी दिलेलं उत्तर. मी तेव्हाही कपडेच वाळत घालत होते. कोंबड्या बाहेर आल्या, त्या मला दिसल्या. हे बराच वेळ दिसले नाहीत, म्हणून मी गेले.

तीन महिन्यांनी वाचनालयात त्याच पुस्तकाची धड प्रत दिसली. मी सत्त्याण्णवपासून एकशे बारापर्यंतची पानं उभ्याउभ्या वाचली. ते छातीचं प्रकरण आहे. त्यात लिहिलंय, चढताना किंवा ओझं उचलताना येणारं दुखणं काही वेळा छातीत न येता जबड्यात, दातांत, नाहीतर हातात येतं आणि बसलं की थांबतं. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नये, ताबडतोब हॉस्पिटल गाठावं. तेवढं वाचून मी पुस्तक फळीवर ठेवलं.

तुला सांगितलं नाही, कारण प्रत तू पाठवलेली होतीस. तू ती प्रेमानं पाठवलीस, आणि एकदा सांगितलं असतं की तू तुझ्या मशिनपाशी बसून जन्मभर तीच पानं मोजत राहिली असतीस. मी तुला त्यातून वाचवतेय, असं मला वाटत होतं. आणि मी तुला वाचवत होते त्याच दिवसांत तू दाढ उपटून घेत होतीस.

आणखी एक. ते पुस्तक पाठवताना तू लिहिलं होतंस, चुकलेल्या बऱ्याच प्रती निघाल्या, आम्ही सगळ्यांनी घरी नेल्या. त्या प्रती अजून त्या घरांत असतील. कुणीतरी त्यात बघून कुणाला तरी लवंग देत असेल. म्हणून फोनवरचं ते 'हो' मला तसंच ठेवता येत नाही.

वहिनी


३० एप्रिल

वहिनी,

तू इथे नऊ दिवस होतीस. पत्र माझ्या उशाशी ठेवलंस, मी वाचलं ते तुला दिसलं, आणि तू मला चमच्यानं भात भरवत राहिलीस. मीही खात राहिले. मिठाचं प्रमाण सोडून आपण दोघी कशावरही बोललो नाही. नर्स म्हणाली, तुमचं दोघींचं छान जमतं. म्हणून आता लिहितेय.

कालच तपासणी झाली. दोन जागी अडलं होतं, ते मोकळं केलंय, आता ठीक आहे. डॉक्टर म्हणाला, तो हंगाम तुम्ही जिन्यावरच संपवला असता. गठ्ठे उचलायचे नाहीत. मला खाली दुरुस्तीच्या टेबलावर दिलंय. फोरमन आता माझ्याशी इतक्या हळू आवाजात बोलतो की मला दोनदा विचारावं लागतं.

प्रतींचं बघितलं. फोरमननं जुन्या-नव्या सगळ्यांना विचारलं. सहाजणांनी नेल्या होत्या, तुझी धरून सात. चार परत आल्या. चारही तशाच, दात दोनदा आणि छाती नाही. पाचवी रद्दीत गेलेली, सहावी सापडत नाही, त्या बाईला फोनवर सगळं समजावून सांगितलं. तो फर्मा लावताना मशिनवर मी होते की दुसरी कुणी, ते आता कुणालाच आठवत नाही. मी होते असं धरून चालते. दुसऱ्या कुणाला तरी धरून बघितलं, पण नाही जमलं.

मला राग आलाय, वहिनी. पुस्तकाचा नाही. 'आधी खुराडं उघडा' याचाही नाही. मीही तेच म्हटलं असतं, आणि त्यानंही ऐकलं असतं. राग याचा आलाय की तुला कळून वर्ष झालं. वर्षभर तू मला पत्रं लिहीत होतीस, मी इथे ती वाचून तुझ्या कोंबड्यांना हसत होते, आणि त्यातल्या एकाही पत्रात हे नव्हतं. मी ती सगळी काढून पुन्हा वाचली. कुठे एक ओळही सापडली नाही. दाढ दुखली नसती तर तू मला कधी सांगणार होतीस?

याचं उत्तर देऊ नकोस, मला ते माहीत आहे. दुसरं सांग. वाचनालयात ते पान वाचून झाल्यावर तू काय केलंस? सगळं लिही, आणि खरं लिही.

बेबी


७ मे

प्रिय बेबी,

खरं लिहिते.

वाचनालयातून निघाले तेव्हा दुपार झाली होती. वाटेत भुशाच्या दुकानात गेले, कारण भुसा संपला होता. दुकानदार काहीतरी बोलला, मी त्याला उत्तर दिलं. घरी येऊन कोंबड्यांचं पाणी बदललं. मग पुस्तक कपाटातून काढून टाकीपाशी नेलं. जाळावं असं मनात होतं. काडेपेटीही नेली होती. उघडलं तर पहिल्या पानावर तुझं अक्षर, 'वहिनीस, चूक पोटात घालून वाचणे.' ते तू दर प्रतीवर लिहितेस. पुस्तक परत आत आणून जागेवर ठेवलं. जेवले. आडवी झाले तर झोप लागली. लागू नये असं वाटत होतं, तरी लागली.

तुझा राग खरा आहे. तो जाईपर्यंत राहू दे, मी काही म्हणणार नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं की मी तुला वाचवत होते. ते अर्धंच खरं आहे. हे गेल्यावर माझ्याशी बोलणारं तूच एक उरली होतीस. तुला हे कळलं तर तुझी पत्रं बंद होतील, असं मला वाटलं. तू रागानं बंद करशील की दुःखानं, एवढाही विचार मी केला नाही. बंद होतील, एवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी तुला पत्र लिहिलं. हवा बरी आहे, सातही कोंबड्या अंडी घालतात, असं लिहिलं. चुकलेल्या प्रती निघाल्या असतील तर आणखी पाठव, असंही लिहिलं.